क्रूझ रद्द झाली तर किती पैसे परत मिळतात, आणि प्रवास विमा नेमका कशाकशाचा घ्यावा

क्रूझचं बुकिंग रद्द करायची वेळ आली की पहिला फोन एजंटला जातो आणि पहिला प्रश्न असतो, "किती कापणार?" त्याचं उत्तर मात्र त्या दिवशी ठरत नाही. बुकिंग करताना ज्या अटींवर आपण न वाचता टिक केली, त्यांत ते तारखांसकट आधीच लिहिलेलं असतं. विम्याचंही तसंच. आजारपण आल्यावर किंवा वादळाची बातमी आल्यावर घेतलेली पॉलिसी त्या आजारपणाला किंवा वादळाला लागू होत नाही. म्हणून या लेखातली निम्मी कामं पैसे भरण्याआधीची आहेत. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणारी बोट असो, सिंगापूरहून सुटणारी असो किंवा मुलांकडे अमेरिकेला गेल्यावर ठरवलेली अलास्काची सफर असो, कामांचा क्रम तोच राहतो.

पैसे भरण्याआधी: दोन कागद मागून घ्या

एक जहाज कंपनीच्या अटी आणि दुसरा एजंटच्या किंवा टूर कंपनीच्या अटी. हे दोन वेगळे कागद असतात आणि बरेचदा एजंटच्या अटी जास्त कडक असतात. जहाज कंपनी ६० दिवस आधी अर्धं भाडं परत देत असेल आणि टूर कंपनीने मात्र त्याच दिवशी पूर्ण कपात लिहिली असेल, तर तुमचा करार ज्याच्याशी आहे त्याचा कागद चालतो. पावती कोणाच्या नावाची आहे ते बघा, म्हणजे करार कोणाशी झाला ते कळेल.

कपातीची शिडी सुटण्याच्या तारखेपासून उलटी मोजतात. पाच किंवा जास्त रात्रींच्या सफरींसाठी मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपन्यांची पद्धत साधारण अशी असते: सुमारे ९० दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर फार तर ठेव जाते, पुढे २५, ५०, ७५ टक्के अशी कपात वाढत जाते आणि शेवटच्या ३० दिवसांत भाडं पूर्ण बुडतं. नाताळ आणि नववर्षाच्या फेऱ्यांना ही शिडी आणखी आधी सुरू होते. तुमच्या फेरीच्या पायऱ्या प्रत्यक्ष तारखांमध्ये बदलून घ्या. "६१ ते ७४ दिवस" असं डोक्यात राहत नाही. "१२ मार्चपर्यंत अर्धे, नंतर पाऊण" असं लिहून फोनच्या कॅलेंडरमध्ये प्रत्येक पायरीच्या चार दिवस आधीची आठवण लावा. घरात कोणाची तब्येत डळमळीत असेल, तर निर्णय घ्यायची तारीख तीच.

ठेव परत न मिळणारं स्वस्त भाडं आणि परत मिळणारं थोडं महाग भाडं असे दोन पर्याय बरेचदा समोर येतात. सत्तरीच्या पुढचे आईवडील बरोबर असतील, दहावी-बारावीचं वेळापत्रक जाहीर व्हायचं असेल किंवा व्हिसा अजून हातात नसेल, तर महाग पर्याय घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. त्या फरकाने जी मोकळीक मिळते, ती कुठल्याही विम्यातून मिळत नाही, कारण विमा रद्द करण्याचं कारण विचारतो.

भाड्याचे तुकडे पाडा

क्रूझची एकच मोठी रक्कम दिसते, पण तिच्यात वेगवेगळे डबे असतात: केबिनचं भाडं, बंदर शुल्क आणि सरकारी कर, कर्मचाऱ्यांची आगाऊ टिप, किनाऱ्यावरच्या सहली, पेयांचं किंवा वाय-फायचं पॅकेज, आणि एजंटचं सेवाशुल्क. कपातीची टक्केवारी बहुतेक वेळा पहिल्या डब्याला लागते. जे जहाजावर चढलेच नाहीत, त्यांच्यासाठीचं बंदर शुल्क आणि आगाऊ टिप आंतरराष्ट्रीय कंपन्या साधारणपणे परत करतात, अगदी भाड्यावर १०० टक्के कपात असली तरी. "काहीच परत मिळणार नाही" हे वाक्य फोनवर ऐकलं की हिशेबाचा तपशील लेखी मागा. मोठ्या सफरीत बंदर शुल्काची रक्कम माणशी काही हजारांची असते आणि ती मागितल्याशिवाय सुचवली जात नाही.

यातूनच एक नियम निघतो: जायचं नाही हे नक्की झालं, तर आदल्या दिवशी का होईना, पण लेखी रद्द करा. नुसतं गेलोच नाही, तर "नो शो" अशी नोंद होते आणि हे छोटे परतावे मिळवणंही अवघड होऊन बसतं.

फेरी कंपनीनेच रद्द केली तर

इथे तुमची बाजू भक्कम असते. पूर्ण रक्कम परत, दुसरी तारीख किंवा पुढच्या सफरीसाठी क्रेडिट असे पर्याय समोर ठेवले जातात. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, काही कंपन्यांनी भरलेल्या रकमेच्या १२५ टक्के क्रेडिट देऊ केलं होतं. आकडा मोहात पाडणारा असतो, पण क्रेडिटची किंमत कंपनी टिकेपर्यंतच असते. मुंबईत एप्रिल २०१९ मध्ये 'कर्णिका' जहाज घेऊन सुरू झालेली जलेश क्रूझेस ऑक्टोबर २०२० मध्ये बंद झाली. सिंगापूरहून भारतीय कुटुंबांना घेऊन जाणाऱ्या ड्रीम क्रूझेसची मालक कंपनी, गेंटिंग हाँगकाँग, जानेवारी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली. म्हणून रोख घ्या. वर्षभरात पुन्हा जायचं पक्कं असेल आणि कंपनी मजबूत असेल, तरच क्रेडिटचा विचार करा. ईमेलमधलं "स्वीकारा" हे बटण दाबण्याआधी खालची अट वाचा. अमुक तारखेपर्यंत न कळवल्यास आपोआप क्रेडिट मिळेल, असं तिथे लिहिलेलं असू शकतं.

देशागणिक कायदेही मदतीला येतात. अमेरिकेच्या बंदरातून सुटणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजांना तिथल्या फेडरल मेरिटाइम कमिशनचा २०२२ पासूनचा नियम लागू आहे: फेरी रद्द झाली किंवा सुटायला तीन दिवस वा त्याहून जास्त उशीर झाला आणि प्रवाशाने बदललेली फेरी नाकारली, तर पूर्ण परतावा द्यावा लागतो. ब्रिटनमध्ये पॅकेज म्हणून विकलेली सफर आयोजकाने रद्द केली, तर २०१८ च्या नियमांनुसार १४ दिवसांत पैसे परत करायचे असतात. मुलांनी तिथून बुकिंग करून दिलं असेल, तर हे त्यांच्या कानावर घाला.

एखादं बंदर गाळलं गेलं, तर मात्र गोष्ट वेगळी. हवामान, सुरक्षितता किंवा बंदरातली अडचण यांमुळे मार्ग बदलण्याचा अधिकार जवळपास प्रत्येक करारात कंपनीने राखून ठेवलेला असतो. तेव्हा त्या बंदराचं शुल्क आणि कंपनीमार्फत घेतलेल्या सहलीचे पैसे परत मिळतात, भाडं मिळत नाही. नोव्हेंबर २०२३ नंतर तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे कितीतरी क्रूझ आफ्रिकेला वळसा घालून गेल्या किंवा रद्दच झाल्या.

आपण रद्द करण्याआधी तीन प्रश्न विचारा

तारीख बदलता येईल का? नाव बदलता येईल का? आणि फक्त एकानेच माघार घेतली तर काय होईल?

केबिनमधल्या दोघांपैकी एकाचं नाव बदलून बहीण-भावाला किंवा मित्राला नेण्याची मुभा बऱ्याच कंपन्या देतात, विशेषतः दुसरं मूळ नाव कायम असेल तर. तिसऱ्या प्रश्नात खरी मेख आहे. क्रूझचं भाडं केबिनमध्ये दोन माणसं धरून लावलेलं असतं. एक गळाला की उरलेल्याकडून दोघांचं भाडं वसूल होऊ शकतं. पॉलिसीत हे एकट्याचं जादा भाडं भरून मिळतं का, तेही बघून ठेवा.

ठरलं की फोनवर न थांबता ईमेल करा. मजकूर इतका पुरे: "बुकिंग क्रमांक अमुक, प्रवासी अमुक, सुटण्याची तारीख अमुक. आम्ही हे बुकिंग आज, तारीख आणि वेळ, रद्द करत आहोत. भाडं, बंदर शुल्क, कर, टिप, सहली आणि सेवाशुल्क यांची वेगवेगळी कपात आणि परतावा दाखवणारं कॅन्सलेशन इनव्हॉइस पाठवावं." हे इनव्हॉइस पुढे विम्याच्या क्लेमला लागतंच. एजंटने जहाज कंपनीकडे रद्द केल्याचा पुरावाही त्याच दिवशी मागा. तुमचा ईमेल सोमवारी गेला आणि एजंटने गुरुवारी कळवलं, तर मधल्या काळात एक पायरी ओलांडली जाऊ शकते.

विमा किती रकमेचा? आधी हा हिशेब करा

उदाहरणासाठी पुण्याचं एक कुटुंब घेऊ: नवरा-बायको आणि नवऱ्याचे आईवडील, सिंगापूरहून तीन रात्रींची क्रूझ. केबिनचं भाडं चौघांचं मिळून १,६०,००० रुपये, बंदर शुल्क ३२,०००, टिप २०,०००, विमान तिकिटं १,४०,०००, हॉटेल ३६,०००, व्हिसा १४,०००. एकूण ४,०२,०००.

आता सुटायच्या दहा दिवस आधी रद्द करावं लागलं असं धरा. भाडं पूर्ण गेलं: १,६०,०००. बंदर शुल्क आणि टिप परत. हॉटेल तीन दिवस आधीपर्यंत मोफत रद्द होणारं घेतलंय, म्हणून तेही परत. विमान तिकिटांतले समजा ९०,००० बुडाले आणि व्हिसाचे १४,००० गेले. प्रत्यक्ष नुकसान २,६४,०००, म्हणजे माणशी ६६,०००.

विम्याने भरून काढायचं ते हे ६६,०००, एकूण खर्च नव्हे. आता पॉलिसीच्या तक्त्यात "ट्रिप कॅन्सलेशन" समोरची रक्कम पाहा. तिथे ५०० डॉलर असतील, तर डॉलरला ९० रुपये धरून माणशी ४५,००० होतात आणि चौघांचे मिळून ८४,००० कमी पडतात. १,००० डॉलर असतील तर पुरेसं. त्यातून वजावट (नुकसानातला आपल्यालाच सोसावा लागणारा भाग) किती आहे आणि व्हिसाचं शुल्क धरतात की वगळतात, तेही पाहा. बऱ्याच पॉलिसी ते वगळतात.

मुंबई-गोवा अशा दोन-तीन रात्रींच्या सफरीला हाच हिशेब केला, तर बुडण्यासारखी रक्कम बहुतेकदा घराला झेपणारी निघते. तिथे रद्दीकरणाच्या विम्यावर खर्च करण्याची गरज मला वाटत नाही.

कारणांची यादी वाचा, विशेषतः "कुटुंब" म्हणजे कोण

भारतात मिळणाऱ्या बहुतेक पॉलिसी ठरावीक कारणांसाठीच रद्दीकरणाचे पैसे देतात: स्वतःचा किंवा जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू किंवा गंभीर आजारपण, नैसर्गिक आपत्ती, आणि कंपनीनुसार आणखी काही. कोणत्याही कारणाने रद्द करण्याची मुभा देणारे विमे अमेरिकेत सहज मिळतात, पण तेही साधारण ५० ते ७५ टक्केच देतात आणि पहिली ठेव भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांत घ्यावे लागतात.

जवळचा नातेवाईक कोण, हे पॉलिसीच्या व्याख्यांमध्ये लिहिलेलं असतं. पती-पत्नी, मुलं, आईवडील बहुतेक ठिकाणी असतात. सासू-सासरे कुठे असतात, कुठे नसतात. वरच्या उदाहरणात सासरे आजारी पडले, तर मुलाचा क्लेम चालेल, पण सुनेच्या पॉलिसीत सासऱ्यांचा समावेश नसेल तर तिचे ६६,००० अडकतात. चौघांची एकच कौटुंबिक पॉलिसी आहे की चार वेगळ्या, आणि सहप्रवाशाच्या आजारपणाला ती लागू होते का, हे घेण्याआधी ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. आत्या, काका, चुलत भाऊ ही नाती व्याख्येत सहसा नसतात. त्यांच्या मृत्यूनंतर घरात सुतक आहे म्हणून सफर रद्द करणं आपल्याकडे स्वाभाविक असलं, तरी विमा कंपनी त्यासाठी पैसे देणार नाही. रजा नामंजूर होणं, शिक्षकांना निवडणुकीची ड्युटी लागणं, परीक्षेची तारीख बदलणं ही कारणंही यादीत क्वचितच असतात. तुमच्या घरात यांपैकी एखादं घडण्यासारखं असेल, तर विम्यावर न विसंबता परत मिळणारं भाडं घ्या.

आधीपासूनचा आजार प्रपोजल फॉर्ममध्ये लिहा. रक्तदाब, मधुमेह, जुनी अँजिओप्लास्टी, सगळं. हप्ता थोडा वाढेल, पण लपवलेली एक गोष्ट पूर्ण क्लेम पाडते. युद्ध बहुतेक पॉलिसींत वगळलेलं असतं. व्हिसा नाकारला जाणं वगळलेलं असतं, किंवा वेगळा हप्ता भरून घ्यावं लागतं. वादळाला नाव मिळून बातम्या सुरू झाल्या की ती माहीत असलेली घटना ठरते आणि त्यानंतर काढलेली पॉलिसी तिच्यासाठी चालत नाही. अरबी समुद्रात वादळांचे दिवस मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. 'तौक्ते' मे २०२१ मध्ये आलं, 'निसर्ग' जून २०२० मध्ये.

पॉलिसी कधी काढावी? पहिले पैसे भरल्यावर लगेच. रद्दीकरणाचं संरक्षण पॉलिसी निघाल्यापासून सुरू होतं, वैद्यकीय संरक्षण प्रवास सुरू झाल्यावर. निघायच्या आदल्या रात्री फोनवरून काढलेल्या पॉलिसीतला पहिला भाग जवळपास वायाच जातो.

रद्दीकरणापेक्षा मोठी जोखीम: जहाजावरचं आजारपण

माझ्या मते विम्याचा पहिला रुपया इथे जावा. भाडं बुडालं तर लाखा-दोन लाखांचा फटका, पण समुद्रात हृदयविकाराचा झटका आला आणि हेलिकॉप्टरने हलवावं लागलं, तर तो खर्च घर हलवून सोडतो. घरची मेडिक्लेम पॉलिसी साधारणपणे भारतातल्या उपचारांपुरती असते. जहाजावरच्या डॉक्टरांकडे कॅशलेस चालत नाही. बिल तुमच्या केबिनच्या खात्यावर चढतं, उतरताना भरावं लागतं आणि नंतर विम्याकडून मागावं लागतं.

म्हणून चार गोष्टी तपासा. क्रूझवरचे उपचार पॉलिसीत स्पष्टपणे समाविष्ट आहेत का. रुग्णाला हलवण्याचा खर्च वैद्यकीय रकमेच्या आतच मोजतात की वेगळा देतात. जहाज लागणारे सगळे देश पॉलिसीच्या प्रदेशात येतात का. आणि विमान उशिरा पोचल्याने जहाज चुकलं, तर पुढच्या बंदरापर्यंत जायचा खर्च मिळतो का. सिंगापूर-मलेशियाच्या बाजूला मी माणशी किमान ५०,००० डॉलरची वैद्यकीय रक्कम घेईन, अमेरिकेच्या बाजूला किमान अडीच लाख डॉलर.

तिसऱ्या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण मुलांकडे गेलेले आईवडील इथे अडकतात. त्यांच्यासाठी घेतलेला व्हिजिटर विमा अमेरिकेपुरताच असू शकतो, आणि जहाज तर बहामा, मेक्सिको किंवा कॅनडात जातं. सिएटलहून अलास्काला जाणारी परदेशी झेंड्याची जहाजं १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यामुळे वाटेत परदेशी बंदराला लागतात, बहुधा कॅनडाच्या व्हिक्टोरियाला. भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा लागतो. तो नसेल तर बंदरावरच अडवतात, आणि कागदपत्रं अपुरी म्हणून चढू दिलं नाही तर ना कंपनी पैसे देते ना विमा. सिंगापूरलाही जहाज बाहेर जाऊन परत येतं, म्हणून व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे याची खात्री करा. गर्भवतींना २४ आठवड्यांपासून पुढे बहुतेक कंपन्या घेत नाहीत, आणि सहा महिन्यांखालच्या बाळांनाही नाही.

बंदराच्या शहरात आदल्या दिवशी पोचा. हॉटेलची एक रात्र लागते, पण जहाज चुकल्याचा क्लेम भांडून मिळवण्यापेक्षा ती स्वस्त पडते.

क्लेम: आधी कंपनी, मग विमा

विमा कंपनी विचारते ते हे की जहाज कंपनीकडून आणि विमानसेवेकडून मिळायचं ते मिळाल्यावर तुमचं किती बुडालं. म्हणून परतावे आधी मिळवा, कपातीचे कागद हातात घ्या आणि मग अर्ज पूर्ण करा. घटनेची सूचना मात्र लगेच द्या, त्याला परताव्यांची वाट बघू नका. आजारपण असेल तर पहिल्या तपासणीचा कागद, तपासण्यांचे अहवाल, डिस्चार्ज कार्ड आणि "या तारखांना प्रवासास योग्य नाही" असं डॉक्टरांनी सही-शिक्क्यानिशी दिलेलं पत्र जोडा. त्या पत्राची तारीख रद्द केल्याच्या तारखेच्या आधीची किंवा त्याच दिवशीची हवी. डॉक्टरांनी नको म्हटल्यावर बरं वाटेल या आशेवर दोन आठवडे थांबलात आणि तेवढ्यात कपात ५० वरून १०० टक्क्यांवर गेली, तर वाढलेला भाग विमा कंपनी नाकारू शकते.

परतावा अडला तर कार्डाने भरलेल्या पैशांसाठी बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो. त्याची मुदत साधारण १२० दिवसांची असते, तेव्हा एजंटच्या "पुढच्या आठवड्यात बघू" वर ती घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग: २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षं. परदेशी कंपनीच्या करारात वाद कुठल्या न्यायालयात चालेल ते ठरवलेलं असतं, बरेचदा फ्लोरिडात. १९९१ साली कार्निव्हल क्रूझ लाइन्सच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिकिटावर छापलेली अशी अट वैध ठरवली. त्यामुळे भारतातल्या एजंटकडून पक्की पावती घेऊन बुकिंग करण्याला अर्थ आहे. दाद मागायला इथे कोणीतरी असतं.

विमा कंपनीने क्लेम नाकारला, तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा. ती फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. नकारानंतर एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. विमा नियामक आयआरडीएआयचा दूरध्वनी १५५२५५.

परदेशी सफरीचं पॅकेज घेताना टूर कंपनीने टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेऊन सरकारकडे भरायचा आगाऊ आयकर, कापलेला असतो. सफर रद्द होऊन परतावा येतो, तेव्हा ती रक्कम बरेचदा त्यात नसते, कारण ती सरकारकडे जमा झालेली असते. आयकर खात्याच्या करनोंदीत (फॉर्म २६एएस) ज्यांच्या पॅनवर ती दिसते, त्यांनी त्या वर्षाच्या विवरणपत्रात ती मागायची. आईवडिलांचे पैसे मुलाच्या पॅनवर भरले असतील, तर मुलाच्या विवरणपत्रात.